फुकटच्या पाहुणचाराचा हिशेब

अमरावती जिल्ह्याच्या मोर्शी तालुक्यांत रिद्धपूर हें गांव आहे. महानुभावांची काशी म्हणून त्याची ख्याति. श्रीगोविंदप्रभूंचें वास्तव्य येथें झालें, म्हाइंभटांचें लीळाचरित्र येथें सिद्ध झालें आणि आतां मराठी भाषेचें विद्यापीठही येथेंच स्थापन झालें आहे. अशा क्षेत्राच्या नांवाशीं जुगाराचा संबंध जोडला, तर ऐकणारास तें प्रथम विपरीत वाटेल. परंतु तो संबंध लीळाचरित्रानेंच जोडून ठेविला आहे.

गुजरातच्या प्रधानाचे चिरंजीव हरिपाळदेव यांस द्यूताचा नाद होता, असें चरित्रकार सांगतात. आरंभीं कांहीं दिवस ते जिंकले. मग हार सुरू झाली आणि देणें एवढें वाढलें, कीं जिंकणारे जुगारी पैशासाठीं अडून बसले. हरिपाळदेव घरीं आले व पत्नी कमळाइसा यांच्याजवळ त्यांनीं अलंकार मागितले. त्यांनीं ते देण्याचें नाकारलें. पुत्र जेवत नाहीं, उदास बसला आहे, हें पित्याच्या ध्यानीं आलें, तेव्हां घरच्या भांडारांतून तें देणें फिटलें. देणें फिटलें, पण मन उठलें तें उठलेंच. रामटेकच्या यात्रेचें निमित्त करून ते निघाले, बरोबरचा लवाजमा वाटेंत थोडा थोडा करून परत पाठविला, आणि एकटे असे रिद्धपुरास येऊन पोंचले. तेथें गोविंदप्रभूंची भेट झाली. हेच पुढें श्रीचक्रधर.

या कथेचा पारमार्थिक अर्थ पंथीयांनीं विवरिला आहेच. व्यवहाराच्या बाजूनें पाहणारास तिच्यांत एक साधी गोष्ट दिसते. त्या काळच्या द्यूतसभेंत हरणारास कोणी कांहीं देत नसे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत द्यूताध्यक्ष म्हणून एक अधिकारी सांगितला आहे. त्यानें जुगार एकाच ठिकाणीं चालवावा, जिंकलेल्या द्रव्यांतून शेंकडा पांच घ्यावे, आणि फांशांचें भाडें, जागेचें भाडें, एवढेंच नव्हे तर पाण्याचेंही मोल घ्यावें, असा नियम आहे. खेळणारानें घोटभर पाणी प्यालें, तरी त्याचा दाम पडे!

आजच्या द्यूतगृहांत, म्हणजे कॅसिनोंत, हा प्रकार अगदीं उलटा झालेला दिसतो. तेथें पेय फुकट, जेवण फुकट, राहण्याची खोली फुकट. आणि गिऱ्हाईक जरा मातबर असलें, तर विमानाचें भाडें व परदेशांतील चार रात्रींचा मुक्कामही फुकट. सुशिक्षित कुटुंबांतील मंडळी हल्लीं परदेशीं वारंवार जातात. कोणी मुलाकडे अमेरिकेंत जाऊन लास व्हेगास पाहून येतो, कोणी सिंगापुरास, कोणी काठमांडूस, तर कोणी जवळच गोव्यास. तेथें एकदां एखादें सभासदत्वाचें कार्ड हातीं पडलें, कीं घरीं पत्रें येऊं लागतात: आपल्यासाठीं खोली राखून ठेविली आहे, केवळ येण्याची कृपा करावी. जुन्या काळीं देणेकऱ्याच्या दारांत जुगारी अडून बसत. आतां दारांत निमंत्रण येऊन पडतें. तें कोणत्या हिशेबानें येतें, हें समजून घेण्याजोगें आहे.

या हिशेबाचें मूळ एका चाकांत पाहतां येतें. रूलेट या खेळाच्या युरोपीय चाकाला 37 घरें असतात: 1 ते 36 हे आंकडे आणि एक शून्य. एखाद्या आंकड्यावर रुपया लावला आणि तोच आंकडा आला, तर 35 रुपये मिळतात व लावलेला रुपया परत येतो. खरें पाहतां 37 घरांच्या चाकावर 36 रुपये मिळावयास हवे होते. हा जो एका रुपयाचा फरक, तोच कॅसिनोचा कस. शेंकड्यानें तो 2.70 पडतो. अमेरिकन चाकावर शून्याच्या जोडीला दुहेरी शून्य असतें, घरें 38 होतात, आणि घराचा वांटा शेंकडा 5.26 होतो. चाकांत कांहीं लबाडी असावी लागत नाहीं. चाक जितकें प्रामाणिक, तितका हा वांटा निश्चित.

आतां एक उदाहरण घ्यावें. एक गृहस्थ प्रत्येक डावास 1,000 रुपये लावतो, तासाला 40 डाव होतात, रोज चार तास याप्रमाणें तो तीन दिवस खेळतो. डाव झाले 480. टेबलावरून फिरलेली रक्कम झाली 4,80,000 रुपये. तिचा शेंकडा 2.70 म्हणजे सुमारें 12,970 रुपये. हें त्या गृहस्थाचें अपेक्षित नुकसान. कॅसिनोच्या वहींत त्याच्या नांवावर हाच आंकडा पडतो. तो गृहस्थ प्रत्यक्षांत 50,000 जिंकून गेला किंवा 80,000 हरून गेला, याच्याशीं पाहुणचार ठरविणारास फारसें कर्तव्य नसतें. असे हजारों गृहस्थ येतात, आणि हजारोंच्या सरासरींत जिंकणें-हरणें पुसलें जाऊन शेंकडा 2.70 तेवढें उरतें. म्हणून जिंकून निघालेल्या पाहुण्यासही दुसऱ्या खेपेचें आमंत्रण तितक्याच आदरानें दिलें जातें, आणि हा आदर पाहून तो बिचारा आपल्या दैवाची तारीफ करीत बसतो.

या अपेक्षित नुकसानींतला कांहीं भाग, साधारणपणें पांचव्या हिश्शापासून फार तर दोनपंचमांशापर्यंत, गिऱ्हाइकास पाहुणचाराच्या रूपानें परत करण्याची चाल आहे. धंद्यांतील लोक यास कॉम्प म्हणतात. शेंकडा 30 धरले, तर वरील गृहस्थाच्या वांट्यास सुमारें 3,900 रुपये आले. पण हे रोकड हातीं पडत नाहींत. ते खोलीच्या, जेवणाच्या रूपानें येतात, आणि येथें कॅसिनोस दुसरा फायदा होतो. मंगळवार-बुधवारची रिकामी खोली कोणास दिली, तर मालकास तिचा खर्च काय पडतो? चादरी धुण्याचा, साबणाचा, झाडलोटीचा. पाहुण्याच्या मनांत मात्र ती खोली दरपत्रकांतील पुऱ्या किंमतीची असते. देणारास स्वस्त आणि घेणारास महाग, अशी वस्तु भेट देण्यासाठीं याहून उत्तम कोठें मिळावयाची!

या प्रथेचा प्रसार होण्यास फार काळ लोटलेला नाहीं. पूर्वी हा मान बड्या धेंडांपुरता असे. 1951 सालीं लास व्हेगास येथें बेनी बिनियन यानें हॉर्सशू हें आपलें द्यूतगृह उघडलें, आणि यंत्रांत सुटीं नाणीं टाकणाऱ्या साध्या गिऱ्हाइकासही फुकट पेयें देण्यास आरंभ केला. परंतु साध्या गिऱ्हाइकाचा हिशेब ठेवावा कसा, ही अडचण होती. टेबलावर देखरेख करणारा मनुष्य असतो. तो सरासरी पैज किती व बैठक किती वेळ, याचा अंदाज टिपून ठेवतो. यंत्रासमोर बसलेल्या शेंकडों लोकांचें असें कोण टिपणार? 1980 नंतरच्या दशकांत अटलांटिक सिटी व लास व्हेगास येथील यंत्रांना कार्डाची खांच बसली, आणि ही अडचण मिटली. खेळणारा आपण होऊन आपलें कार्ड खांचेंत सरकवितो. यंत्र त्याच्या एकेका नाण्याची व मिनिटाची नोंद घेतें. अशी चाकरी मनुष्य गुणांच्या लोभानें आनंदानें करतो.

या नोंदींचें शास्त्र बनविलें तें एका प्राध्यापकानें. हार्वर्डच्या व्यापारशाळेंत शिकविणारे गॅरी लव्हमन हे 1998 सालीं हारा या कॅसिनो-कंपनीचा कारभार पाहूं लागले. कार्डांच्या नोंदी चाळतांना त्यांना जें आढळलें, तें त्यांनीं 2003 सालीं एका लेखांत मांडलें आहे. कंपनीच्या गिऱ्हाइकांपैकीं शेंकडा 26 लोकांपासून शेंकडा 82 उत्पन्न येत होतें. हे लोक कोण? चित्रपटांत दिसणारे सरदार-सावकार त्यांत नव्हते. ते मध्यम वयाचे व वृद्ध लोक होते. कोणी निवृत्त शिक्षक, कोणी डॉक्टर, कोणी पेढीवरचे अधिकारी, कोणी यंत्रकामगार. हातीं थोडा पैसा, पुष्कळ वेळ, आणि घरीं मुलें मोठीं झालेलीं. अमरावती-अकोल्याच्या कोणत्याही आळींत अशीं घरें दहा-वीस सहज निघतील, म्हणून ही यादी जरा सावकाश वाचावी.

त्याच लेखांतला एक प्रयोग मोठा बोधप्रद आहे. मिसिसिपी राज्यांतील जॅक्सन येथील सारख्याच खेळाडूंचे दोन गट केले. एकास 125 डॉलर किंमतीचा पाहुणचार देऊं केला: फुकट खोली, दोन जेवणें आणि 30 डॉलरचीं खेळावयाचीं नाणीं. दुसऱ्यास खोली नाहीं, जेवण नाहीं, केवळ 60 डॉलरचीं नाणीं. अधिक खेळ दुसऱ्या गटानेंच केला. म्हणजे निम्म्याहून कमी खर्चांत काम अधिक झालें. तेव्हांपासून कोणास खोली द्यावी, कोणास नाणीं आणि कोणास नुसतें वाढदिवसाचें पत्र, हें गिऱ्हाइकागणिक ठरूं लागलें. ही नोंदवही किती मोलाची, हें 2015 सालीं कळलें. हारा कंपनीनें पुढें सीझर्स हें नांव घेतलें होतें. त्या वर्षीं तिची एक मोठी शाखा दिवाळखोरींत गेली, तेव्हां धनकोंनीं सभासद-योजनेची किंमत 100 कोटी डॉलर केली. ज्या कागदावर कोट्यवधि माणसांच्या संवयी लिहिलेल्या आहेत, तो कागद इमारतींच्या तोडीचा ठरला.

आतां परदेशच्या फुकट रात्री. या योजनांत पायऱ्या असतात. सोनें, प्लॅटिनम, हिरा अशीं त्यांना नांवें. पायरी वर्षागणिक मोजली जाते आणि वर्ष संपलें कीं पुन्हां शून्यापासून चढावयाचें असतें. एका कंपनीची पायरी दुसरी कंपनी मान्य करते, ही यांतील खरी गंमत. सीझर्सनें 2017 पासून वायंडम या हॉटेल-संस्थेशीं असा करार केला. एमजीएम या कंपनीनें आधीं हायॅटशीं आणि मग मॅरियटशीं केला. त्यामुळें नित्य प्रवास करणाऱ्या कांहीं चतुर मंडळींनीं एक वाट शोधून काढली: हॉटेलच्या कार्डावरून हॉटेलची पायरी मिळवावयाची, तिच्यावरून कॅसिनोची, आणि तिच्या जोरावर तिसऱ्याच देशांतील खोली किंवा जहाजावरील केबिन. पैज न लावतां असें फिरून आलेले लोक आहेत, आणि त्यांची फिरस्ती खोटी म्हणतां यावयाची नाहीं. मात्र असा मार्ग पुष्कळांस ठाऊक झाला, कीं कंपनी तो बंद करते किंवा अरुंद करते. तिचीही वही असतेच.

शिवाय फुकट या शब्दाची व्याप्ति तपासून घ्यावी. लास व्हेगासमध्यें फुकट खोलीवरही कित्येक ठिकाणीं रोजचें रिसॉर्ट-शुल्क लागतें. जहाजाची केबिन फुकट असली, तरी बंदराचे कर व नोकरांची बक्षिसी पाहुण्यानें भरावयाची असते. विमानाचें भाडें आणि व्हिसा तर बहुधा आपल्याच खिशांतून. गुण ठराविक मुदतींत न वापरले, तर बुडतात. असे बुडालेले गुण हेंही कंपनीच्या फायद्याचें एक कलम आहे. आणि फुकट रात्रीं आलेला पाहुणा खोलींत झोंपून राहिला, तर पुढचें आमंत्रण येत नाहीं. पांडवांनाही प्रथम नवी सभा पाहावयास येण्याचेंच निमंत्रण होतें.

आपल्या जवळच्या कॅसिनोंची स्थिति थोडी निराळी आहे. गोव्यांत जुगारबंदीचा कायदा 1976 चा. त्यांत 1992 सालीं दुरुस्ती होऊन पंचतारांकित हॉटेलांत यंत्रांना मोकळीक मिळाली आणि 1996 सालीं जहाजांवर टेबलाच्या खेळांस. पणजीसमोर मांडवीच्या पात्रांत उभीं असलेलीं जहाजें हीं त्याचीं फळें. तेथें प्रवेशाच्या रकमेंतच जेवण, पेयें व खेळावयाचीं कांहीं नाणीं देण्याची पद्धत आहे. यांपैकीं एक प्रकार नीट समजून घेतला पाहिजे: एकदाच खेळतां येणारें कुपन. तें टेबलावर ठेवावयाचें. जिंकलें तर जिंकलेली रक्कम मिळते, परंतु कुपन मात्र कोणत्याही स्थितींत जमा होतें. एक हजाराचें असें कुपन लाल-काळ्याच्या पैजेवर ठेवलें, तर 37 पैकीं 18 वेळां हजार मिळतात. म्हणजे त्याची खरी किंमत 486 रुपये. तेंच कुपन एका आंकड्यावर ठेवण्याची मुभा असेल, तर किंमत 946 पर्यंत जाते. मात्र 37 पैकीं 36 वेळां पदरीं कांहींच पडत नाहीं. तात्पर्य, हजाराचें कुपन हजाराचें कधींच नसतें.

महाराष्ट्रांतही 1976 सालीं कॅसिनोंचें नियंत्रण व कर यांविषयीं एक कायदा झाला होता. तो सत्तेचाळीस वर्षें कागदावर राहिला, अंमलांत एकदांही आला नाहीं, आणि 2023 सालीं रद्द झाला. त्यामुळें वऱ्हाडांतल्या मनुष्यास हा पाहुणचार घ्यावयाचा, तर प्रवास करावाच लागतो. नेपाळनें ही गोष्ट फार पूर्वीं हेरली. काठमांडूच्या सोल्टी हॉटेलांतील कॅसिनो 1968 सालीं सुरू झाला आणि त्याची भिस्त पहिल्यापासून भारतीय पाहुण्यांवर राहिली.

येथें एक लक्षण आढळतें, त्याची फारशी चर्चा होत नाहीं. नेपाळांत नेपाळी नागरिकास कॅसिनोंत प्रवेश नाहीं. गोव्यांत 1 फेब्रुवारी 2020 पासून गोमंतकीयांस बंदी आहे. सिंगापुरांत 2010 सालीं दोन कॅसिनो उघडले, तेव्हां तेथील नागरिकास व कायम रहिवाशास दर खेपेस 100 डॉलर प्रवेशकर बसविला, आणि 2019 सालीं तो 150 केला. परकीयास मात्र प्रवेश मोकळा. घरच्यांस दारावर अडवावयाचें आणि परक्यास गालिचा पसरावयाचा, असा आतिथ्यधर्म दुसऱ्या कोणत्या धंद्यांत आढळेल? ज्या सरकारांना या धंद्याचें उत्पन्न हवें आहे, त्यांचाच आपल्या प्रजेविषयींचा अंदाज या नियमांत लिहिलेला आहे.

याहून मोठ्या रकमांचा मामला मध्यस्थांकडून चालतो. मकाव येथें पाहुणे आणून देणारे असे दलाल होते; पाहुण्याचें विमान, हॉटेल, उधारी सर्व ते पाहत आणि फिरलेल्या नाण्यांवर कॅसिनोकडून वांटा घेत. त्यांतला सर्वांत बडा, सनसिटीचा आल्विन चाउ, 2021 सालीं पकडला गेला व 2023 च्या जानेवारींत त्यास अठरा वर्षांची शिक्षा झाली. भारतांतून अशा सहली काढणारे दलालही आहेत. ते पाहुण्याकडून आगाऊ मोठी ठेव घेतात आणि तिच्या बदल्यांत खोली व तिकीट देतात. ती ठेव पुन्हां रोख काढण्यापूर्वीं अमुक वेळां टेबलावरून फिरलीच पाहिजे, अशी अट घालतात. पांच लाख रुपये वरच्या चाकावरून एकदां फिरले, तर अपेक्षित नुकसान सुमारें 13,500. दहा वेळां फिरले, तर 1,35,000. तिकीट किती महाग पडलें, हें यावरून काढतां येईल.

मग यांत कोणाचाच फायदा नाहीं काय? आहे, पण तो मर्यादित आहे. जो मनुष्य असाही खेळणारच होता, आणि पाहुणचारासाठीं एक पैसाही जास्त लावीत नाहीं, त्याचें नुकसान 2.70 वरून 1.89 वर येतें. तें शून्याखालीं मात्र जात नाहीं. पायरी चढावयास थोडे गुण कमी पडले म्हणून जो आणखी दोन तास बसतो, त्याला ती पायरी त्या दोन तासांच्या नुकसानीइतकी महाग पडते. आणि असे बसणारेच फार. पतिपत्नी दोघें एकाच कार्डावर खेळलीं, तर घरांतील एकाचें नुकसान दुसऱ्यास दिसत नाहीं, हाही एक अनुभवसिद्ध धोका आहे. खोली दोघांची, पत्र एकाच्या नांवाचें, आणि हिशेब कोणाजवळच नाहीं, अशी स्थिति मग होते. कमळाइसेपुढें निदान प्रश्न स्पष्ट शब्दांत मांडला गेला होता; तिला उत्तर देतां आलें.

शेवटीं कायद्याची बाजू, कारण परतीच्या विमानांत बसल्यावर ती आठवून उपयोग नसतो. परकीय चलनाविषयींच्या 2000 सालच्या नियमांनीं लॉटरीचीं तिकिटें, फुटबॉल-पूल, स्वीपस्टेक इत्यादि कारणांसाठीं भारतांतून पैसे धाडण्यास मनाई केली आहे. वर्षाकांठीं अडीच लाख डॉलरपर्यंत परदेशीं पाठविण्याची जी सवलत आहे, तीही या कारणांस लागू होत नाहीं. दलालाच्या परदेशांतील खात्यांत ठेव भरणारानें आधीं हें पाहावें. दैवयोगानें जिंकलेंच, तर अमेरिकेंत यंत्रावरील मोठ्या बक्षिसांतून परकीयाचे शेंकडा 30 तेथेंच कापून घेतात. रूलेट व ब्लॅकजॅक यांवरील जिंकीला ही कपात लागत नाहीं. भारतांत राहणाराचें उत्पन्न जगांत कोठेंही झालें, तरी येथें करपात्र असतें, आणि जुगारांतील जिंकीवर शेंकडा 30 दरानें कर व त्यावरील अधिभार द्यावा लागतो. सोमवारीं एक लाख जिंकले आणि मंगळवारीं तेच एक लाख हरले, तर घरीं परतणाराच्या हातीं कांहीं नसतें. परंतु सोमवारच्या लाखावरचा कर उरतो, कारण मंगळवारची हार त्यांतून वजा करतां येत नाहीं.